रिकाम्या जागेतून जडत्व येतं का? औंढ्याची लायगो आणि रील्समधले दावे

डोंगरकड्याहून एसटीत उभं राहून हिंगोलीला निघालात आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, तर तुम्ही पुढे फेकले जाता. हेच जडत्व. ते मोजायचं कसं हे न्यूटनने सांगितलं, पण ते मुळात येतं कुठून यावर अजूनही वाद आहे. आणि याच वादातून ‘निर्वातातून फुकट ऊर्जा’, ‘इंधनाशिवाय रॉकेट’ अशा रील्स तयार होतात. त्यात खरं किती?

खरं काय आहे?
हवा, प्रकाश सगळं काढून टाकलं तरी जागा पूर्ण शांत होत नाही. तिथे बारीकशी क्वांटम थरथर उरते. १९४८ मध्ये कॅसिमिर यांनी सांगितलं की यामुळे निर्वातात अगदी जवळ ठेवलेल्या दोन धातूच्या पट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जातील. पुढे प्रयोगांत हे दिसलंही.

अंदाज कुठला?
१९९४ मध्ये हाइश, रुएडा आणि पुथॉफ यांनी मांडलं की वस्तूचा वेग वाढवताना ही थरथर तिला अडवते, आणि तेच जडत्व. कल्पना भारी आहे, पण कुठल्याही प्रयोगाने ती सिद्ध झालेली नाही. इंधनाशिवाय धक्का देणाऱ्या ‘एमड्राइव्ह’चं कारणही काहींनी निर्वातातच शोधलं. २०२१ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या टीमने नीट मोजलं, तर धक्का गायब! उपकरण तापून आधार किंचित हलत होता, इतकंच.

आपल्या जिल्ह्याचा संबंध
औंढा नागनाथजवळ ४ किलोमीटर लांब बाहूंची लायगो-इंडिया होतेय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटींची मंजुरी दिली. ती गुरुत्वीय लहरी पकडणार, आणि तिथे हीच थरथर आडवी येते. अमेरिकेतल्या लायगोत लेझरमधल्या क्वांटम थरथरीने ४० किलोचे आरसे हलतात, हे २०२० मध्ये मोजलं गेलं. किती हलतात? प्रोटॉनच्या व्यासाच्या लाखाव्या भागाहूनही कमी!

त्यावर उपाय म्हणजे ‘स्क्वीझ्ड’ प्रकाश. फुगा एका बाजूने दाबला की दुसरीकडे फुगतो, तशी मोजमापाला नडणारी थरथर दाबायची आणि कमी नडणाऱ्या बाजूला ढकलायची. २०१९ पासून लायगो हे करतेय.

म्हणजे थरथर खरी आहे, पण ती आरसा पुढे-मागे हलवते, एकाच दिशेने ढकलत नेत नाही. त्यावर गाडी चालणार नाही. पुढच्या वेळी अशी रील आली, की शेअर करण्याआधी दोनच गोष्टी बघा: आकडा किती मोजला, आणि दुसऱ्या कुणी तो पुन्हा मोजला का?