तैलचित्र वाळते कसे?

गोंदिया शहरात चार गल्ल्या फिरलात, तर कुठे ना कुठे एखादी इमारत उभी राहताना दिसेलच. बांबूच्या परांच्या, स्लॅबमधून वर आलेल्या गंजक्या सळया, विटांची थप्पी, डोक्यावर घमेली घेऊन चढणारी माणसे. तैलरंगातले पहिले चित्र काढायला हा विषय चांगला. मात्र ब्रश हातात घेण्यापूर्वी हे रंग वाळतात कसे ते समजून घ्या. नाहीतर मेहनतीने काढलेले चित्र काही वर्षांत तडकेल.

तैलरंग म्हणजे रंगाची बारीक पूड आणि बहुधा जवसाचे तेल. जवस तुमच्या ओळखीचाच. धान कापणीला येण्याच्या सुमारास ओलसर बांधीत त्याचे बी फेकतात, तोच हा जवस. जलरंगातले पाणी उडून गेले, की रंग वाळतो. तेल तसे उडून जात नाही. काचेच्या एका तुकड्यावर जवसाच्या तेलाचा आणि दुसऱ्यावर शेंगदाण्याच्या तेलाचा अगदी पातळ थर देऊन ठेवा. आठ-दहा दिवसांनी बोट लावून पाहा. शेंगदाण्याचे तेल ओलेच असेल. जवसाचे घट्ट होऊ लागलेले असेल. जवसाच्या तेलाच्या रेणूंत दुहेरी बंध पुष्कळ असतात. हवेतला ऑक्सिजन तेथे शिरकाव करतो आणि रेणू एकमेकांना जखडून त्यांचे जाळे बनते. म्हणून वाळताना या तेलाचे वजन घटत नाही, उलट आधी वाढते!

आता समोरच्या इमारतीकडे पाहा. स्लॅब ओतल्यावर गवंडी त्यावर निदान सात दिवस पाणी मारतात. वाळवायचे तर पाणी कशाला? कारण सिमेंटही वाळत नसते. पाण्याशी संयोग पावून ते घट्ट होते. सिमेंटला पाणी हवे, तेलाला ऑक्सिजन, एवढाच फरक.

यावरूनच चित्रकारांचा एक नियम निघाला. खालचा थर टर्पेंटाइन घालून पातळ करावा, वरच्या थरांत तेल अधिक असावे. टर्पेंटाइन उडून जाते व कमी तेलाचा थर लवकर घट्ट होतो. उलटे केलेत तर वरची साय घट्ट होते, खालचा थर हलत राहतो आणि वरचा फाटतो. तेव्हा आकाश, भिंती, परांच्यांच्या रेषा आधी पातळ रंगात मांडा; विटांवरचे ऊन शेवटी.

रंगांची मौज अशी, की सळयांवरचा गंज, विटेचा तांबूसपणा, घरातला गेरू आणि नळीतला बर्न्ट सिएना, या सर्वांच्या मुळाशी लोहाची ऑक्साइडेच आहेत. त्या सिएनात थोडा अल्ट्रामरीन निळा व पांढरा मिसळा, काँक्रीटचा करडा रंग मिळेल. बाजारातल्या तयार करड्यापेक्षा तो मला जिवंत वाटतो.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. ऑक्सिजन घेताना तेलातून उष्णता बाहेर पडते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला, तर ती आत कोंडते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात भिजवून, घराबाहेर एकेक पसरून वाळवा.

हाताला कोरडे लागले तरी चित्र आतून घट्ट होतच असते. म्हणून वार्निश लावायला सहा महिने तरी थांबतात. तोवर समोरच्या इमारतीच्या परांच्या उतरून तिला रंगही लागलेला असेल.