टाकी का उतू जाते?

भोपाळचा मोठा तलाव श्रावण-भाद्रपदात भरत आला म्हणजे शहराचे लक्ष भदभद्याकडे लागते. १९६५ साली बांधलेल्या तेथील धरणाला ११ दरवाजे आहेत. पाण्याची पातळी १६६६.८० फुटांवर पोहोचली, की ते उघडतात आणि जादा पाणी कलियासोतकडे धावू लागते. कोलांस नदीने बाहेरून नवे पाणी आणले, म्हणून तलाव ओसंडला. येथे कारण सरळ आहे. मोटारीच्या तेलाच्या टाकीला मात्र कोणतीही नदी येऊन मिळत नाही. तरीही ती कधीकधी उतू जाते, आणि मालक बुचकळ्यात पडतो.

हा प्रकार विशेषेकरून आढळतो तो तेलाच्या दाबावर तोललेल्या मोटारींत. फ्रान्समधील सित्रोएन कारखान्याने पॉल माजेस ह्या तंत्रज्ञाच्या कल्पनेनुसार १९५४ साली एका गाडीच्या मागील चाकांना, आणि १९५५ साली ‘डीएस’ गाडीच्या चारही चाकांना ही योजना लावली. तीत कमानपाटे नाहीत. प्रत्येक चाकापाशी लोखंडी गोलक असतो. त्यात रबरी पडद्याच्या एका अंगास नत्रवायू आणि दुसऱ्या अंगास तेल. चाक खड्ड्यात गेले, की दट्ट्या तेलास ढकलतो, तेल वायूस दाबते आणि धक्का तेथेच जिरतो. इंजिनावर चालणारा पंप टाकीतील तेल उपसून सुमारे दीडशे वातावरणांच्या दाबाने ह्या यंत्रणेस पुरवितो. गाडीची उंची कायम राखण्याचे काम एक झडप करते. माणसे बसली, की ती अधिक तेल आत सोडते. माणसे उतरली, की तेवढे तेल टाकीत परत धाडते.

ह्या शेवटच्या वाक्यातच उतू जाण्याचे रहस्य आहे. तेल तेवढेच असते. ते फक्त जागा बदलते. गाडी उंच उभी असेल तेव्हा तेल चाकांपाशी, म्हणून टाकी रिती दिसते. गाडी खाली बसली, की तेच तेल टाकीत येते आणि पातळी चढते. आता एखाद्याने लग्नाला निघालेल्या, माणसांनी आणि ट्रंकांनी भरलेल्या गाडीचे झाकण उघडले, पातळी उतरलेली पाहिली आणि ‘थोडे अधिक असलेले बरे’ म्हणून टाकी काठोकाठ भरली, तर काय होईल? वऱ्हाड उतरेल, रात्री इंजिन बंद पडेल, गाडी हळूहळू खाली बसेल आणि सकाळी अंगणात तेलाचे थारोळे दिसेल. पुष्कळदा त्यावरून ‘कोठेतरी फुटले’ असा निष्कर्ष काढून चांगली नळी बदलली जाते. वास्तविक फुटलेले काहीच नसते.

म्हणून पातळी पाहण्याची एक ठरलेली रीत आहे. इंजिन चालू ठेवावे, उंचीचा दांडा सर्वांत वरच्या खुणेवर न्यावा, गाडी पूर्ण उचलली जाईपर्यंत थांबावे, आणि मगच तेल दोन रेघांच्या मध्ये आहे की नाही हे पाहावे. जादा असेल तर ह्याच स्थितीत स्वच्छ पिचकारीने काढावे. नळी तोंडाने ओढू नये. ठेक्याशिवाय अशा गाडीखाली शिरणे तर निव्वळ साहस होय, कारण दाब सुटताच ती खाली बसते.

रीत पाळूनही टाकी उतू गेली, तर तेलात फेस आहे काय ते पाहावे. पंपाकडे जाणारी नळी सैल किंवा चिरलेली असेल, तर तेलाबरोबर हवाही ओढली जाते आणि तापल्या दुधाप्रमाणे तेल फुगते. इंजिन बंद केल्यावर फेस बसून पातळी उतरली, तर दोष नळीत शोधावा. उन्हाळ्यावर मात्र नाहक खापर फोडले जाते. पाच लिटर खनिज तेल पन्नास अंशांनी तापले, तरी ते जेमतेम पाव लिटर फुगते. एवढी जागा नीट भरलेल्या टाकीत असतेच.

तेलाची जात हा खरा जिवाशी गाठ असलेला प्रश्न. जुन्या डीएसमध्ये लाल तेल असे, नंतर हिरवे खनिज तेल आले. लाल तेलाच्या गाडीत हिरवे ओतले, तर रबरी वायसर फुगून निकामी होतात. आणि ह्या गाड्यांचे ब्रेकही त्याच तेलावर चालतात.

सित्रोएनने ही योजना २०१७ साली थांबविली. २०२१ पासून भारतात आलेल्या त्या कंपनीच्या ‘सी फाइव्ह एअरक्रॉस’मधील तेलाच्या गाद्या शॉक ॲब्सॉर्बरच्या आतच बंदिस्त आहेत, मालकाने भरावी अशी टाकी तीत नाही. तथापि श्यामला हिल्सच्या चढउतारावर रोज धावणाऱ्या साध्या मोटारीतही अशीच एक लहान टाकी आहे, ती ब्रेक ऑइलची. ब्रेकचे पॅड झिजत जातात तसतसा दट्ट्या पुढे सरकतो, त्याच्यामागे तेल जाते आणि टाकीतील पातळी उतरते. ही उतरण म्हणजे पॅड तपासण्याची सूचना होय. मालक ती तेल ओतून पुसून टाकतो. पुढे मिस्त्री नवे पॅड बसविताना दट्ट्या मागे रेटतो, आणि तेल टाकीबाहेर येऊन बॉनेटखालील रंगावर सांडते. ते रंग उकलते, म्हणून तत्काळ भरपूर पाण्याने धुवावे. दट्ट्या रेटण्यापूर्वीच थोडे तेल काढून घेणारा मिस्त्री हा त्रास टाळतो. मात्र काढलेले तेल पुन्हा टाकीत ओतू नये, कारण ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि घाटउतारावर ब्रेक तापले, की त्याच ओलाव्याची वाफ होऊन पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो.