स्टिकरकडून केळ्याकडे

१९८३ साली वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय श्रवण विकलांग संस्था उभी राहिली आणि उशिरा बोलणाऱ्या मुलांच्या जोगेश्वरीतल्या आयांना जवळचा म्हणावा असा एक पत्ता मिळाला. त्याआधी थेट मुंबई सेंट्रलचं नायर रुग्णालय. जवळचा म्हटलं तरी पोराला कडेवर घेऊन लोकलच्या गर्दीत शिरायचं, पुढे बस किंवा रिक्षा. पेंगुळलेलं मूल स्पीच थेरपीच्या टेबलापाशी बसवलं की ओठ घट्ट मिटून घेई. लोक त्याला हट्टी म्हणत. ते बिचारं दमलेलं असे.

त्याला बोलतं करायला आरसा असे, साबणाचे फुगे, चित्रांची कार्डं. आवाज नीट निघाला की स्टिकर किंवा गोळी. याचा उपयोग होतो, पण स्टिकरची नवलाई फार टिकत नाही. हळूहळू थेरपीचा रोख खेळाकडे वळला. मुलाला रिक्षाचं वेड असेल तर रिक्षाच घ्यायची; ते 'थांब' म्हणालं की ती खरंच थांबली पाहिजे. आपल्या शब्दाने काहीतरी घडतं, हे एकदा उमगलं की मूल आपणहून पुढचा शब्द शोधतं. माझ्या मते, या सगळ्या वर्षांत हाती लागलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

२०२० मध्ये कोविडमुळे लोकल बंद, मास्कमागे ओठ झाकलेले, सेशन मोबाइलवर. लहानग्यांना पडद्यासमोर बसवणं कठीणच गेलं. पण थेरपिस्टला घर दिसलं. जोगेश्वरीच्या मजासवाडीतल्या एका खोलीच्या घरात पोळपाट-लाटणं आणि स्टीलचे डबेच खेळणी होऊ शकतात, हे आईलाही दिसलं. 'याचा बाप पण उशिराच बोलला' म्हणणारी आजीसुद्धा खेळात ओढली गेली.

लहान मुलं 'क'च्या जागी सर्रास 'त' म्हणतात: काकाचा ताता, केळ्याचं तेळं. फळवाल्यासमोर मूल 'तेळं' म्हणालं की 'आधी नीट बोल, मग देते' हे आपल्या तोंडून सहज निघतं. तसं करू नये. केळं लगेच हातात द्यावं आणि देताना आपण स्वच्छ म्हणावं, 'हं, केळं!' 'क'चा सराव नंतर खेळात होईल. बाजारात मागणं पुरं झालं पाहिजे.

सरकारी पातळीवरही पावलं पडली: २०१३च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने भाषेतला उशीर तपासणीच्या यादीत आणला, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचा व भाषा दिव्यांगत्वाला वेगळी जागा दिली. आता एवढं व्हावं: आठवड्यातून एक दिवस थेरपिस्टने जोगेश्वरीच्या अंगणवाडीतच बसावं, म्हणजे मूल ताजंतवानं असताना खेळायला येईल.