राज्य कोणावर? प वरून ग वर

खेळात राज्य कोणावर आले हे ठरवताना किंवा एखाद्या भिडूला चिडवताना मुले जे तालात म्हणतात, ते धड बोलणे नसते आणि धड गाणेही नसते. मात्र त्यात अनेकदा दोनच स्वर आलटून पालटून येतात आणि त्यांतील स्वरांतर, म्हणजे त्यांच्या कंपनसंख्यांचे गुणोत्तर, पंचमावरून शुद्ध गंधारावर उतरण्याइतके असते. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरल्यास गंधार ३०० आणि पंचम ३६० कंपनांचा येतो, म्हणजे हे गुणोत्तर ६:५ होते. चाल रंगली की ४०० कंपनांचा धैवतही तिला येऊन मिळतो.

अमेरिकी संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन यांनी १९७३ साली हार्वर्ड विद्यापीठातील व्याख्यानांत याचे मूळ उपस्वरांत, म्हणजे कोणत्याही नादात मिसळलेल्या मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनांत शोधले. पाचपट आणि सहापट उपस्वरांत नेमके हेच नाते असते, आणि सातपट उपस्वर धैवत व कोमल निषाद यांच्या मध्ये पडतो. तर्क देखणा आहे, पण धावता धावता ओरडणारी मुले इतकी सुरेल नसतात, आणि ‘जगातील सर्व मुले’ हा त्यातील दावा तर फारच ऐसपैस आहे. त्यापेक्षा दुरून मारलेल्या हाकेकडे पाहणे अधिक फलदायी ठरते, कारण तिचे अखेरचे अक्षर लांबवताना अनेक भाषांत स्वर असाच एक पायरी खाली येतो; शिवाय श्वास सरत आला की स्वरयंत्राखालचा हवेचा दाब कमी होऊन आवाज आपोआप उतरू लागतो.

लयीची बाजू अधिक भक्कम आहे. रुमानियाचे लोकसंगीत-अभ्यासक कॉन्स्टंटिन ब्राइलोयू यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, एकमेकींशी संबंध नसलेल्या भाषांतील बालगीतांच्या ओळी आठ लघू मात्रांच्या साच्यात बसतात, असे दाखवले. ‘आपडी थापडी’ टाळ्यांवर मोजली, तर चार टाळ्यांत दोन-दोन करून त्याच आठ मात्रा भरतात.

स्वरांतर भाषेतून येते की गळ्यातून, हे पारखण्यास कोकणातील चौलचा परिसर सोयीचा आहे. १७४० साली पोर्तुगीज सत्ता येथून गेली, तरी कुंडलिका खाडीपलीकडच्या कोर्लईत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या सहवासातून घडलेली ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, आजही घराघरांत बोलली जाते आणि तिच्याभोवती सर्वत्र मराठी आहे. तेथील एकाच मुलाचे दोन्ही भाषांतील चिडवणे ध्वनिमुद्रित केले, तर गळा तोच राहून भाषा तेवढी बदलते, आणि मोजायचे उरते ते फक्त दोन स्वरांमधील अंतर.