बोलिंगच्या चेंडूचा पृष्ठभाग आणि लेनवरील तेल : घर्षण-नियंत्रणाचे विवेचन

प्रस्तावना :
टेनपिन बोलिंग हा वरकरणी नेम व ताकद यांचा खेळ वाटतो; वस्तुतः तो घर्षणाचा खेळ आहे. फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंतचे अंतर ६० फूट असते. त्यांपैकी सुरुवातीच्या साधारणतः ३५ ते ४५ फुटांवर तेलाचा अतिशय पातळ थर दिलेला असतो व उर्वरित भाग कोरडा असतो. हा थर सहजासहजी दिसत नाही. अशा अदृश्य परिस्थितीशी चेंडूचा पृष्ठभाग कसा जुळविला जातो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

घर्षणाचे कार्य :
चेंडू प्रथम घसरतो, नंतर वळतो आणि अखेरीस निव्वळ गडगडू लागतो. घसरण चालू असेपर्यंतच घर्षण त्याची दिशा बदलू शकते. गडगडणे सुरू झाल्यावर मार्ग जवळजवळ सरळ होतो. म्हणजेच वळण कोठे सुरू होते व कोठे संपते, यावर पिनांवर आदळण्याचा कोन ठरतो. खडबडीत पृष्ठभागाची सूक्ष्म टोके तेलाच्या थरातूनही लेनची पकड घेतात. चकचकीत चेंडू अधिक अंतर घसरत जातो.

पृष्ठभागाची जुळवणी :
हा बदल घासण्याच्या चकत्यांनी केला जातो. चकतीचा क्रमांक जितका लहान, तितका पृष्ठभाग खडबडीत. तेल भरपूर असल्यास ५०० वा १००० क्रमांकाची, तर कमी असल्यास ४००० क्रमांकाची चकती व त्यावर पॉलिश उपयुक्त ठरते. निवड चुकल्यास दोन्ही बाजूंनी हानी होते. कमी तेलावर खडबडीत चेंडू लवकर वळून आपली ऊर्जा वाटेतच खर्च करतो. भरपूर तेलावर चकचकीत चेंडू वेळेत वळतच नाही. शिवाय खेळ पुढे सरकतो तसे चेंडूंच्या मार्गावरील तेल घटत जाते आणि चेंडूचा पृष्ठभागही झिजतो.

नियमांची मर्यादा :
१९७३ साली अमेरिकन खेळाडू डॉन मॅक्यून यांनी प्लास्टिकचे चेंडू रासायनिक द्रावकात भिजवून मऊ केले व त्या वर्षी मोठे यश मिळविले. त्यानंतर चेंडूच्या काठिण्याची किमान मर्यादा ठरविण्यात आली. युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसच्या नियमांनुसार स्पर्धा सुरू असताना पृष्ठभाग घासता वा पॉलिश करता येत नाही. ऑगस्ट २०२० पासून खेळताना चेंडू केवळ कोरड्या कापडाने पुसण्याची मुभा आहे.

निष्कर्ष :
पृष्ठभागाचा निर्णय खेळापूर्वीच, अपुऱ्या माहितीवर घ्यावा लागतो. पुढे परिस्थिती पालटली, तर खेळाडूला उभे राहण्याची जागा, वेग, फिरकी वा चेंडूच बदलून मार्ग काढावा लागतो. साधनाने कौशल्यास साहाय्य करावे, परंतु त्याची जागा घेऊ नये, हा या नियमांमागील विचार आहे. पदार्थविज्ञानातील घर्षणाचा पाठ येथे न्याय्य स्पर्धेच्या प्रश्नाशी जोडला जातो, हे या विषयाचे आंतरविद्याशाखीय महत्त्व होय.