प्रोफेसर ते प्रेसिडेंट : अमेरिकेत लिबरल आर्ट्स कॉलेजचं प्रमुखपद मिळतं तरी कसं?

१२ भावंडांत सगळ्यात धाकटी मुलगी. आई-वडील टेक्सासमध्ये दुसऱ्याचं शेत बटईनं कसायचे. पुढे हीच मुलगी १९९५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्मिथ कॉलेजची प्रेसिडेंट झाली. त्यांचं नाव रूथ सिमन्स. अमेरिकेत ‘सेव्हन सिस्टर्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ७ नामांकित महिला कॉलेजांपैकी एकाच्या प्रमुखपदी बसलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती.

हे पद मिळतं कसं, हे समजून घ्यायला त्यांचाच प्रवास बघूया. त्याआधी एक गैरसमज दूर करू. नावात ‘आर्ट्स’ असलं तरी इथे फक्त कला शाखा नसते. फिजिक्स, गणित, इतिहास, संगीत असं सगळं एकाच छताखाली शिकवलं जातं. विद्यार्थी साधारण दीड ते अडीच हजार, वर्ग छोटे आणि भर पदवी शिक्षणावर.

आता प्रेसिडेंट म्हणजे आपल्याकडचे प्राचार्य का? नाही. आपल्याकडच्या अनुदानित कॉलेजात प्राध्यापकांचा पगार सरकारकडून येतो आणि प्राचार्य कोण होऊ शकतो हे यूजीसीचे नियम सांगतात. तिथल्या खासगी कॉलेजला असा आधार नाही. फी, देणग्या आणि गुंतवलेल्या निधीवरचं उत्पन्न, यावरच संसार चालतो. तो चालवण्याची जबाबदारी प्रेसिडेंटची.

शिडी कशी असते?

सिमन्स मूळच्या साहित्याच्या अभ्यासक. १९७३ मध्ये हार्वर्डमधून फ्रेंच आणि त्याच्या भाषाभगिनींच्या साहित्यात पीएचडी. मग न्यू ऑर्लिन्स आणि कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठांत शिकवणं आणि त्याच्या जोडीला प्रशासनातली छोटी-मोठी पदं. १९८३ मध्ये त्या प्रिन्स्टनला आल्या. टोनी मॉरिसन यांच्यासारख्या लेखिकेला तिथे शिकवायला आणण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. १९९० मध्ये अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात प्रोव्होस्ट, नंतर पुन्हा प्रिन्स्टनला व्हाइस प्रोव्होस्ट आणि मग स्मिथ.

यातला प्रोव्होस्ट हा शब्द महत्त्वाचा. कॉलेजची शैक्षणिक बाजू सांभाळणारा हा क्रमांक दोनचा माणूस. कुठल्या विभागाला नवी जागा द्यायची, कुणाला कायम करायचं, असे नकोसे वाटणारे निर्णय त्याच्या टेबलावर येतात. प्राध्यापक, विभागप्रमुख, डीन, प्रोव्होस्ट, प्रेसिडेंट ही झाली रुळलेली वाट. विल्यम्स कॉलेजच्या प्रोव्होस्ट असलेल्या अर्थतज्ज्ञ कॅथरिन हिल २००६ मध्ये अशाच व्हॅसार कॉलेजच्या प्रेसिडेंट झाल्या.

अर्थात अपवाद आहेतच. लिऑन बोटस्टाइन २३व्या वर्षी एका छोट्या कॉलेजचे आणि १९७५ मध्ये, वयाच्या २८व्या वर्षी, बार्ड कॉलेजचे प्रेसिडेंट झाले. ते ऑर्केस्ट्राही चालवतात! वेल्स्लीने २०१६ मध्ये पॉला जॉन्सन या हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टरांना निवडलं.

अंतिम निवड बोर्ड ऑफ ट्रस्टीज म्हणजे विश्वस्त मंडळ करतं. त्याआधी विश्वस्त, प्राध्यापक, माजी विद्यार्थी आणि बऱ्याचदा एखाद-दोन विद्यार्थी यांची शोध समिती बसते. उमेदवार हेरायला खास कंपन्या नेमल्या जातात. नावं गुप्त राहतात, कारण उमेदवार दुसरीकडे मोठ्या पदावर असतो आणि निवड झाली नाही तर त्याला तिथेच काम करायचं असतं.

खरी गोम इथे आहे

उमेदवार आयुष्यभर शिकवतो, संशोधन करतो आणि त्याच जोरावर वर चढतो. खुर्चीत बसल्यावर मात्र त्याला जोखलं जातं ते देणग्या, बजेट आणि प्रवेशांच्या आकड्यांवर. वीकेंडला माजी विद्यार्थ्यांसोबत जेवणं, देणगीदारांच्या भेटी. वर्गात शिरायला वेळ मिळाला तर नशीब.

आकडे फसले की काय होतं, याचं उदाहरण म्हणजे हॅम्पशायर कॉलेज. तेही मॅसॅच्युसेट्समध्येच, १९७० मध्ये सुरू झालेलं आणि गंगाजळी तुटपुंजी. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक मिरियम नेल्सन जुलै २०१८ मध्ये तिथे रुजू झाल्या. सहा महिन्यांतच, जानेवारी २०१९ मध्ये, त्यांनी जाहीर केलं की कॉलेजला भागीदार शोधावा लागेल आणि पुढच्या वर्षी नवी बॅच घेतली जाईलच असं नाही. कॅम्पस पेटला. विद्यार्थी प्रेसिडेंटच्या ऑफिसात ठाण मांडून बसले, प्राध्यापक विरोधात गेले. एप्रिलमध्ये नेल्सन यांनी राजीनामा दिला. नंतर माजी विद्यार्थ्यांनी निधी उभारायला घेतला आणि कॉलेज तेव्हा तरी तगलं. पैशांची अडचण नेल्सन यांनी निर्माण केलेली नव्हती, पण खुर्ची त्यांची होती.

त्यामुळे या पदावर फार काळ कुणी टिकत नाही. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनच्या पाहणीनुसार, सर्व प्रकारच्या कॉलेज-विद्यापीठांचे प्रमुख २००६ मध्ये आपल्या पदावर सरासरी ८.५ वर्षं होते. २०२२ मध्ये हा आकडा ५.९ वर आला.

सिमन्स स्मिथमध्ये ६ वर्षं होत्या. त्या काळात अमेरिकेतल्या महिला कॉलेजांमधला पहिला इंजिनीअरिंग अभ्यासक्रम तिथे उभा राहिला. २००१ मध्ये त्या ब्राऊन विद्यापीठाच्या प्रेसिडेंट झाल्या आणि ‘आयव्ही लीग’मधल्या पहिल्या कृष्णवर्णीय प्रमुख ठरल्या. २०१२ मध्ये ते पद सोडून त्या टेक्सासला परतल्या, पण २०१७ मध्ये ह्यूस्टनजवळच्या प्रेअरी व्ह्यू या ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठाने त्यांना बोलावून घेतलं. २०२० मध्ये मॅकेन्झी स्कॉट यांनी या विद्यापीठाला ५ कोटी डॉलर दिले. सिमन्स यांनी त्यातले १ कोटी बाजूला काढले. कोरोनाच्या काळात फी थकल्यामुळे शेवटच्या वर्षांतली मुलं शिक्षण सोडतील, अशी भीती होती. ते पैसे त्यांच्यासाठी होते.