मातीवरचा खो-खो आणि मॅटवरचा खो-खो

खो-खो तुम्ही सर्वांनीच खेळला असेल. दोन खांब, आठ चौकोनांत आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले आठ गडी, नववा पाठलाग करणारा आणि पुढे चपळाईने हुलकावण्या देणारे धावपटू, एवढ्यावर हा खेळ उभा आहे. याला ना चेंडू लागतो, ना बॅट. पण या खेळात एक गोष्ट अशी आहे, की जी प्रत्येक क्षणी खेळत असते आणि तरी तिचे नाव खेळाडूंच्या यादीत नसते. ती म्हणजे पायाखालची जमीन.

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यात, धुळे-सोलापूर महामार्गावर तेरखेडा हे गाव आहे. फटाके तयार करणारे गाव म्हणून ते अनेकांना ठाऊक असेल. अशा गावातली मुलगी मातीवर अनवाणी खो-खो शिकते. तालुका, जिल्हा असे टप्पे ओलांडून ती वरच्या स्पर्धेत पोहोचते आणि तेथे डोक्यावर छप्पर, भोवती दिव्यांचा झगमगाट आणि पायाखाली रबरासारखी मॅट असते. सराव एका पृष्ठभागावर आणि परीक्षा दुसऱ्याच पृष्ठभागावर! मग तिने कमावलेले कौशल्य तेथे उपयोगी पडेल का? या प्रश्नाचे उत्तर तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे. चला, ते शोधू या.

छप्पर आले की काय काय बदलते?

मैदानी खेळ घरात आणण्याचा उद्योग केवळ आपणच केलेला नाही. अमेरिकेत ‘फुटबॉल’ नावाचा जो खेळ आहे, त्यात लंबगोल चेंडू हातात धरून धावतात. त्याच्या मोकळ्या मैदानाची लांबी गोलरेषांमध्ये १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, आणि रुंदी सुमारे ४९ मीटर असते. प्रत्येक संघाचे ११ गडी मैदानात असतात. १९८७ साली या खेळाची बंदिस्त आवृत्ती सुरू झाली. तिच्यासाठी मैदान ५० यार्ड लांब आणि ८५ फूट रुंद, म्हणजे सुमारे ४६ मीटर गुणिले २६ मीटर एवढेच ठेवले आणि गडी ११ वरून ८ वर आणले.

आता गुणाकार करून पाहा. क्षेत्रफळ जवळजवळ एक चतुर्थांश झाले! मोकळ्या मैदानात दर खेळाडूच्या वाट्याला सुमारे २०० चौरस मीटर जागा येत होती. बंदिस्त खेळात ती ७४ चौरस मीटरांवर आली. शिवाय कडेला गादी लावलेल्या भिंती आल्या आणि टोकाला जाळ्या आल्या. जाळीवर आपटून परत आलेला चेंडूही खेळात धरला जाऊ लागला. म्हणजे छप्पर घातल्यावर तो खेळ तसाच राहिला नाही. त्याचा एक भाऊच जन्माला आला.

खो-खोचे तसे झाले नाही. खो-खोचे क्रीडांगण मुळातच लहान आहे. पूर्वी ते २९ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असे. पुढे लांबी २७ मीटर झाली. एवढी जागा मोठ्या सभागृहात सहज मावते. म्हणून खो-खो आत गेला तेव्हा मैदान कापावे लागले नाही. बदलली ती मुख्यतः जमीन. तेव्हा आपणही जमिनीकडेच पाहू.

वळण घेण्याचे गणित

खो-खोत पाठलाग करणाऱ्याला एकदा दिशा धरली की मागे फिरता येत नाही आणि मधली पाटीही ओलांडता येत नाही. धावणाऱ्याला मात्र कोठूनही कोठेही वळण्याची मुभा असते. त्यामुळे धावणाऱ्याचे खरे शस्त्र म्हणजे वळण.

धावणारी वस्तू जडत्वामुळे सरळच जाऊ पाहते. तिला वळवायचे तर वळणाच्या केंद्राकडे ओढणारे बल लागते. यालाच आपण अभिकेंद्री बल म्हणतो. हे बल धावपटूला कोण देते? पाऊल जमिनीला बाहेरच्या बाजूस रेटते आणि घर्षणामुळे जमीन पावलाला आतल्या बाजूस रेटते. घर्षण नसते तर धावपटू तेलकट फरशीवरच्या वाटीसारखा सरळ घसरत गेला असता.

घर्षणाने मिळू शकणारे बल म्हणजे वजन गुणिले घर्षणांक. या मर्यादेत राहायचे तर वळणावरचा वेग फार तर किती असावा, याचे सूत्र सोपे आहे: घर्षणांक, गुरुत्व त्वरण आणि वळणाची त्रिज्या यांचा गुणाकार करा व त्याचे वर्गमूळ काढा. वजन सूत्रातून निघून जाते, हे लक्षात घ्या. जाड आणि बारीक दोघांनाही एकच नियम लागू!

आता प्रत्यक्ष आकडे घालू. लागोपाठच्या दोन चौकोनांच्या मध्यांमधील अंतर सुमारे २.६५ मीटर असते. धावपटूने एका बसलेल्या गड्याला वळसा घातला, तर त्या वळणाची त्रिज्या साधारण १.३ मीटर धरता येईल. सैल, कोरड्या मातीचा घर्षणांक ०.५ आणि मॅटवर बुटाचा घर्षणांक ०.९ असे हिशेबापुरते समजू.

मातीवर: ०.५ × ९.८ × १.३ = ६.३७, वर्गमूळ सुमारे २.५. म्हणजे सेकंदाला २.५ मीटर.

मॅटवर: ०.९ × ९.८ × १.३ = ११.४७, वर्गमूळ सुमारे ३.४. म्हणजे सेकंदाला ३.४ मीटर.

अर्ध्या वळशाचे अंतर सुमारे ४.१ मीटर होते. ते मातीवर १.६ सेकंदांत आणि मॅटवर १.२ सेकंदांत कापले जाईल. फरक फक्त ०.४ सेकंदाचा, पण सेकंदाला ६ मीटर वेगाने पाठीमागून येणारा गडी तेवढ्या वेळात २.४ मीटर पुढे सरकतो! गडी बाद होणे किंवा निसटणे हे येथे ठरते.

मॅटचा फायदा पाठलाग करणाऱ्यालाही होतोच. ‘खो’ मिळताच उठणाऱ्या गड्याला पहिल्या दोन पावलांत वेग घ्यायचा असतो आणि तेथेही पकड उपयोगी पडते. म्हणजे मॅट एका बाजूला झुकत नाही. ती दोघांनाही वेगवान करते. खांबाजवळ मात्र गणित निराळे होते. तेथे धावपटू खांबाला हात घालून वळतो. अभिकेंद्री बलाचा मोठा वाटा खांबच पुरवतो, त्यामुळे जमीन निसरडी असली तरी तेथे चटकन वळता येते. जमिनीपासून सव्वा मीटर उंचीच्या आतबाहेर असलेला हा खांब मातीत गाडलेला असतो. सभागृहात तो गाडता येत नाही. त्याला खालून भक्कम बैठक द्यावी लागते.

मातीतही एक शास्त्र आहे

वरचे गणित वाचून माती म्हणजे निकृष्ट पृष्ठभाग असे कोणी समजू नये. आपण सैल, कोरडी माती धरली होती. नीट तयार केलेली माती वेगळीच वागते.

मराठवाड्यातली काळी माती बेसॉल्ट खडकापासून बनलेली आहे. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आकसतात. म्हणून उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसात तिचा चिखल होतो. शेताला हा गुण उपकारक असला, तरी क्रीडांगणाला नाही. म्हणून क्रीडांगणावर मुरूम, तांबडी माती घालतात, पाणी शिंपडतात आणि रोलर फिरवतात.

पाणी कशासाठी? मातीच्या दोन कणांमध्ये पाण्याचा पातळ पडदा असला, की पृष्ठताणामुळे ते कण एकमेकांना धरून राहतात. ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो आणि कोरड्या वाळूचा ढासळतो, त्याचे कारणही हेच. पाणी कमी पडले तर कण सुटे होऊन पायाखाली गोट्यांसारखे घरंगळतात. जास्त झाले तर कणांमधली सगळी जागा पाण्याने भरते, पडद्याचा ताण नाहीसा होतो आणि पाय सटकतो. पाणी मारणाऱ्याचा अंदाज हा शास्त्रीय अंदाजच असतो.

शिवाय अनवाणी धावणारा खेळाडू बोटे मातीत रोवतो. तेथे नुसते घर्षण नसते. बोटांमागे मातीचा छोटा बांध तयार होतो आणि खेळाडू त्यावर रेटा देतो. मॅटवर बोटे रुतत नाहीत. तेथे बुटाच्या तळव्याचे रबरच पकड देते. म्हणून मातीवर तयार झालेला खेळाडू पहिल्यांदा बूट घालून मॅटवर उतरला, की त्याला आपले पाय परके वाटतात. त्याची शक्ती कमी झालेली नसते. पाय आणि जमीन यांची जुनी ओळख तेवढी तुटलेली असते.

सूर मारला तर?

पाठलाग करणारा सूर मारून गडी टिपतो, तेव्हा त्याच्या शरीराची गतिज ऊर्जा कोठेतरी जिरली पाहिजे. ५० किलोग्रॅमचा खेळाडू सेकंदाला ५ मीटर वेगाने झेपावला तर ही ऊर्जा ६२५ ज्यूल होते. पूर्वीचेच घर्षणांक धरले, तर तो मातीवर सुमारे अडीच मीटर आणि मॅटवर सुमारे १.४ मीटर घसरून थांबेल.

मातीवर सुटे कण घरंगळतात, काही उष्णता बरोबर नेतात. मात्र खडे कातडी सोलतात. मॅटवर खडे नसतात, पण तेवढीच ऊर्जा कमी अंतरात जिरते. मॅट उष्णतेची मंदवाहक असल्याने बरीच उष्णता कातडीलाच सोसावी लागते. त्यामुळे मॅटवर खरचटण्याऐवजी भाजल्यासारखा चट्टा उठतो.

वरून खाली आपटण्याच्या बाबतीत मॅट सरस ठरते. समजा शरीर अर्धा मीटर खाली आले आणि २ सेंटिमीटरमध्ये थांबले, तर सरासरी धक्का वजनाच्या सुमारे २५ पट बसतो. मॅट दबल्यामुळे हेच अंतर ४ सेंटिमीटर झाले तर धक्का निम्मा होतो.

पण जास्त पकडीची एक किंमत असते. मातीवर वळण चुकले तर पाऊल घसरते आणि ताण सुटतो. मॅटवर पाऊल जागीच खिळते, शरीर मात्र फिरत राहते. मग पीळ गुडघ्यावर पडतो आणि तेथील अस्थिबंध दुखावण्याचा धोका असतो. मॅटवर घाम सांडला तर तेवढाच तुकडा निसरडा होतो, म्हणून तो वरचेवर पुसावा लागतो. बंद सभागृहात हवा खेळती नसेल तर घाम लवकर वाळत नाही आणि शरीर तापते. उलट तेथे ऊन, धूळ आणि पाऊस यांची चिंता नसते.

नवी गती, नवे नियम

मॅट आणि सभागृह आल्यावर नियमांतही प्रयोग झाले. नेहमीच्या खो-खोत एक पाळी ९ मिनिटांची असते. २०२२ साली पुण्यात झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगच्या पहिल्या स्पर्धेत ती ७ मिनिटांची होती आणि कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा असलेला ‘वजीर’ हा नवा गडी आला होता. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलात पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे, तर पुरुष संघाने नेपाळलाच ५४-३६ असे हरवले. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते.

आणि धाराशिव? २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत खो-खोचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे याच जिल्ह्याची. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तेव्हा आपल्या खेळाडूला उत्तर मिळाले: केव्हा वळायचे, कोणत्या बाजूला हूल द्यायची, समोरच्याच्या खांद्यावरून त्याचा बेत कसा ओळखायचा, हे सारे ज्ञान मातीतून मॅटवर जसेच्या तसे जाते. पावलाची पकड तेवढी नव्याने शिकावी लागते. त्यासाठी स्पर्धेपूर्वी काही आठवडे बूट घालून धावण्याची सवय करावी, वळताना पावले आखूड टाकावीत आणि गुडघा किंचित वाकलेला ठेवावा. शिक्षकांनीही निवड झालेल्या मुलांना मॅटवर थोडे दिवस तरी सराव मिळेल असे पाहावे. एखाद्या गावाजवळ मॅट नाही, एवढ्याच कारणाने तिथली मुले मागे पडू नयेत.

करून पाहा

एक मीटर लांबीची फळी घ्या. तिच्यावर पाण्याने किंचित ओलावलेली माती थापा आणि वर आपला बूट ठेवा. बुटात थोडे वजन घाला. फळीचे एक टोक हळूहळू उचला. बूट घसरू लागताच थांबा. उचललेल्या टोकाची उंची मोजा आणि तिला फळीच्या पायथ्याच्या आडव्या अंतराने भागा. मिळालेली संख्या म्हणजे घर्षणांक. हाच प्रयोग कोरड्या मातीवर, चिखलावर आणि रबरी चटईच्या तुकड्यावर करा. प्रत्येक आकडा वरच्या सूत्रात घालून वळणाचा वेग काढा. मग संध्याकाळी मैदानावर जा आणि पाणी किती मारायचे ते तुम्हीच ठरवा.